प्रकरण अठरा, पान दोनशे अकरा

गिरगावात खोताच्या वाडीकडे वळायच्या जरा अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर श्रवण ग्रंथालय आहे. दृष्टी गेलेल्या सभासदांसाठी हौशी मंडळी इथे येऊन पुस्तकं मोठ्याने वाचतात, ती ध्वनिमुद्रित होतात आणि सभासद घरबसल्या फोनवर ऐकतात. खाली फरसाणवाला, वर नोटरी, मध्ये साहित्य. आपल्याकडे साहित्याची जागा साधारण तीच असते.

या ग्रंथालयाच्या तक्रारवहीत अकरा ऑक्टोबरला, शनिवारी, एक्केचाळिसावी तक्रार नोंदली गेली. आधीच्या चाळीसपैकी बावीस पंख्याबद्दल होत्या. ही वेगळी होती.

'श्री. मॅथ्यू मिस्किटा, सभासद क्रमांक ११८, खोताची वाडी. "आठव्या खोलीची किल्ली" या पुस्तकाचं प्रकरण अठरा मध्येच अडकतं. पुढे काही ऐकू येत नाही. फोनवरून तक्रार. आवाज चढवून.'

शेवटचे दोन शब्द ग्रंथालयाच्या व्यवस्थापक वैशालीताईंनी स्वतःच्या समाधानासाठी लिहिले होते.

सोमवारी साडेदहाला हितेंद्र रणपिसे हजर झाला. वय त्रेचाळीस, परळच्या चाळीत वाढलेला, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, लालबागच्या एका पोटमाळ्यावर 'रणपिसे नेटवर्क सोल्युशन्स' नावाचा उद्योग. सोल्युशन्स अनेक, माणूस एकच. त्याच्या घरात नवस, अंगारे, उतारे यांना आजोबांनी छप्पन्न सालीच कायमची रजा दिली होती. आई, जाईबाई, म्हणायची, "भुतं खरी असती ना, तर त्यांनी आधी गिरणीमालकांना धरलं असतं." या युक्तिवादाला हितेंद्रला आजवर उत्तर सापडलेलं नव्हतं आणि तो शोधतही नव्हता.

"प्रॉक्सीचा प्रॉब्लेम असेल," तो कोपऱ्यातल्या काळ्या डब्यापुढे स्टूल ओढत म्हणाला.

"प्रॉक्सी म्हणजे आम्ही कॉलेजात हजेरीला लावायचो ती?"

"तीच. फक्त हा डबा रोज लावतो आणि पकडला जात नाही."

मग त्याने नीट सांगितलं, कारण नीट सांगितल्याशिवाय वैशालीताई चहा मागवत नसत. सगळ्या पुस्तकांचा मूळ आवाज संस्थेच्या दूरच्या मोठ्या सर्व्हरवर असतो. सभासदाने घरून पुस्तक लावलं की ती मागणी आधी या डब्याकडे येते. डबा मोठ्या सर्व्हरकडून ते पुस्तक आणतो, सभासदाला तुकड्या-तुकड्याने ऐकवतो आणि एक प्रत स्वतःच्या पोटात ठेवतो. पुढच्या वेळी कुणी मागितलं तर पोटातलीच देतो. मधल्या मध्ये तुकडा अडकला की सभासदाच्या फोनवर ते गोल चक्र फिरत बसतं.

"थोडक्यात, सांगकाम्या आहे. आणलं तेच देणार. जे आणलं नाही ते देऊच शकत नाही."

त्याने डबा टाळून, स्वतःच्या फोनवरून थेट मोठ्या सर्व्हरवर ते पुस्तक उघडलं. एक ते चौदा प्रकरणं स्वच्छ वाजली. पंधरावं नव्हतंच.

"वैशालीताई, चौदाच आहेत. अठरावं अडकणार कुठून?"

वैशालीताई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. लिहायच्या थांबल्या.

"हो. चौदाच. नलूताईंनी तेवढीच वाचली."

नलू मांजरेकर, दादरच्या निवृत्त शिक्षिका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक, अकरा वर्षं. स्वतःचं पाणी स्वतः आणायच्या, झाकणाच्या स्टीलच्या पेल्यातून. ऑगस्टमध्ये एका बुधवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत. तेव्हापासून मागचा ध्वनिमुद्रणाचा बूथ बंद होता. आतला माईक आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला म्हणून गेले ते गेलेच. ट्रस्टींनी दाराला कुलूप लावून किल्ली घरी नेली, आणि बूथचा फ्यूज वैशालीताईंच्या खणात, रबरी शिक्क्यांच्या शेजारी पडून होता.

"मग मिस्किटा अंकल ऐकतात काय?"

"म्हातारा माणूस. लावत असतील दुसरंच काहीतरी."

हितेंद्रने डब्याची नोंदवही उघडली. डब्याची नोंदवही वहीसारखी नसते. पडद्यावर ओळींमागून ओळी, कुणी काय मागितलं, कुठून दिलं, किती वाजता. त्यात सभासद ११८ ने पंधरावं प्रकरण मागितलं होतं. डब्याने ते पोटातून दिलं होतं. सोळावं मागितलं, तेही दिलं. सतरावंही.

मोठ्या सर्व्हरकडून ही तीन प्रकरणं आणल्याची एकही नोंद नव्हती.

पंधरावं डब्यात जमा झालं होतं तीन ऑक्टोबरला, शुक्रवारी, दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी. सोळावं सात तारखेला, मंगळवारी, एक वाजून चार मिनिटांनी. सतरावं दहाला, शुक्रवारी, एक वाजता.

त्याने इअरफोन लावले.

"वाचन, नलू मांजरेकर. आठव्या खोलीची किल्ली. प्रकरण पंधरावं. पान एकशे त्र्याहत्तर. दिनांक तीन ऑक्टोबर."

शांत, शाळेचा खडू लागलेला आवाज. मग झाकण काढल्याचा किणकिणाट, एक घोट, झाकण परत. मग वाचन सुरू.

प्रत्येक प्रकरणाआधी नाव, पान आणि तारीख सांगायची ही ग्रंथालयाची शिस्त होती. ती नलूताईंनीच लावली होती. हितेंद्रने एक इअरफोन काढून वैशालीताईंना दिला. त्यांनी अर्धं मिनिट ऐकलं, इअरफोन ओढणीला पुसला आणि परत केला.

"गेल्या वर्षीचं असेल," त्या म्हणाल्या.

हितेंद्रने पुस्तकं जमा करायचं रजिस्टर मागितलं. 'आठव्या खोलीची किल्ली', एकच प्रत, भेट दिली मॅथ्यू मिस्किटा यांनी, यंदा सोळा जूनला.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हे पुस्तक ग्रंथालयात नव्हतंच. शिकलेली माणसं अशा वेळी चहा घेतात. चहा आला.

"कुणीतरी आवाजाची नक्कल केली असेल," चहा संपल्यावर हितेंद्र म्हणाला. "आजकाल होतं. दहा रुपयांचं ॲप मिळतं."

"कशासाठी करेल?"

याचं उत्तर ॲपमध्ये नव्हतं. त्याने अठरावं लावलं.

"वाचन, नलू मांजरेकर. आठव्या खोलीची किल्ली. प्रकरण अठरावं. पान दोनशे पाच. दिनांक चौदा ऑक्टोबर."

भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरवर आज तेरा होती. हितेंद्रने फोनवरही पाहिलं. तिथेही तेराच होती.

अकरा मिनिटं वाचन सरळ चाललं. गिरगावातलं एक लॉज, आठव्या खोलीतून नाहीसा झालेला प्रवासी, बाहेरून कुलूप, आणि किल्ली कुणाकडे होती याबद्दल प्रत्येक जण सांगतोय ती वेगळी हकिगत. "पान दोनशे अकरा," असं म्हणून नलूताईंनी पान उलटलं. आणि दारावर ठोकल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. शिस्तीत ठोकलेले.

वाचन थांबलं. खुर्ची करकरली, कुणीतरी दाराकडे वळून बसावं तशी.

मग गोल चक्र.

त्याने तोच भाग चार वेळा ऐकला. ठोकण्याच्या आधी, अगदी पुसट, काहीतरी किणकिणत होतं. पेला नव्हे.

"बूथवर कुणी ठोकतं का, वाचन चालू असताना?"

"छे! लाल दिवा लागला की ट्रस्टीसुद्धा चवड्यावर चालतात. मी तर शिंक दाबते."

प्रकरण का अडकत होतं, हे नोंदवहीत सरळ लिहिलं होतं. डब्याच्या दृष्टीने काही बिघडलेलं नव्हतं. अठरावं प्रकरण अजून यायचं चालू होतं. पाठवणाऱ्याने संपवलं असं सांगितलं नव्हतं, म्हणून डबा बापडा शनिवारपासून पुढच्या तुकड्याची वाट बघत उभा होता. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेरचा नव्हता. ग्रंथालयातलाच होता. हितेंद्रने भिंतीवरच्या वायरींचा माग काढला. ती वायर पुस्तकांच्या कपाटांमागून मागच्या बोळात जात होती आणि तिथून बूथच्या भिंतीत शिरत होती.

"आत कुणीतरी काहीतरी जोडून ठेवलंय," तो म्हणाला. "किल्ली लागेल."

"ट्रस्टींकडे आहे. उद्या सकाळी आणून ठेवते."

आता नेहमीचा इलाज म्हणजे डब्याचं पोट साफ करायचं, बंद करून चालू करायचा. हितेंद्रच्या व्यवसायातले ऐंशी टक्के चमत्कार असेच होतात. तो आदेश त्याने टाइप केला. फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. पण पुसायच्या आधी गिऱ्हाइकाचा फोन बघायचा, हा त्याचा नियम होता. त्याने आदेश खोडला आणि खोताची वाडी गाठली.

मिस्किटांचं घर लाकडी होतं, बाहेरून जिना, जिन्याखाली तीन सायकली आणि एक निजलेलं मांजर. दार त्यांच्या मुलीने, पर्लने, उघडलं. तिच्या हातात हॉस्पिटलची फाइल होती.

"डॅडी, तो सर्व्हरवाला आला."

मॅथ्यू मिस्किटा खिडकीशी बसले होते. एकोणऐंशीचे, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा शर्ट. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं चपटी आणि काळपट. उमेदीतली तीस वर्षं त्यांनी गिरगावातल्या एका मराठी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते.

"ये रे बाबा. पुसलं नाहीस ना?"

हितेंद्र दचकला. "काय?"

"तुम्ही लोक पुसता. बँकेत पुसता, फोनमध्ये पुसता. पुसून टाकलं की दुरुस्त झालं म्हणता."

"नाही पुसलं, अंकल. अजून."

"तो अजून शब्द घरी ठेवून ये."

पर्लने चहा आणि फुग्यांची, त्या गोल तळलेल्या पावांची, ताटली ठेवली. म्हाताऱ्याने ताटलीकडे न बघता अचूक एक फुगा उचलला.

"एकाहत्तर साली ते पुस्तक मी जुळवलं. सतरा प्रकरणं. उलटी अक्षरं, एकेक खिळा. मग मला कावीळ झाली आणि शेवटची तीन प्रकरणं दुसऱ्याने केली. जुळारी काय वाचत नसतो रे, तो अक्षरं बघतो. पण यात मी अडकलो. किल्ली कोणाकडे होती? एक प्रत घेऊन ठेवली. म्हटलं, रिटायर झालो की निवांत वाचू. रिटायर झालो, आणि डोळे पण रिटायर झाले."

"दुसरी प्रत?"

"गोदामात पाणी शिरलं, लगदा झाला. लेखक गेला, मालक गेला. पर्लला मराठी वाचता येत नाही. कॉन्व्हेंट."

"डॅडी."

"खरं ते खरं. म्हणून ग्रंथालयाला दिली. बाईंनी वाचायला घेतली."

हितेंद्रने घसा साफ केला. "अंकल, नलूताई ऑगस्टमध्ये..."

"ठाऊक आहे. पर्लने पेपरात वाचून सांगितलं. फुलं पाठवली आम्ही."

हितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे नक्कल आहे कुणाची तरी," हितेंद्र म्हणाला. "आवाजाची."

"आवाजाची असेल. पुस्तकाची कशी करणार?" म्हातारा पुढे वाकला. "प्रकरण सोळा, पान एकशे नव्वद. तिथे मी एक ओळ दोनदा जुळवली होती. झोपेत. मालकाने शिव्या घातल्या, पण छापून झालं होतं. जगात ती चूक त्या पुस्तकातच आहे. बाईंनी ती ओळ वाचली. परत तीच वाचली. मग हसल्या. म्हणाल्या, 'जुळाऱ्याला डुलकी लागली वाटतं.'" त्याने चष्म्याखालून डोळे पुसले. "चोपन्न वर्षांनी पकडलं रे मला."

पर्लने जिन्यापर्यंत सोबत केली. "बुधवारी ॲडमिट करतायत. हार्टचा व्हॉल्व्ह. डॉक्टर म्हणाले, या वयात फिफ्टी-फिफ्टी. त्यांना दुसरं काय नको, तेवढं एंडिंग पाहिजे. कुठून येतं ते मी विचारत नाय. तू पण विचारू नको ना, प्लीज. चालू करून दे."

"पुस्तक बूथमध्येच असणार," हितेंद्र म्हणाला. "उद्या किल्ली मिळाली की काढतो. मी स्वतः येऊन वाचून दाखवतो. तीन प्रकरणं, दोन-अडीच तासांचं काम."

हा तोडगा त्याला फार आवडला. यात डबाही साफ करता येणार होता आणि म्हाताऱ्याला शेवटही कळणार होता. परळला जाईपर्यंत त्याने स्वतःची तीन वेळा पाठ थोपटली.

मंगळवारी लालबागपासून रस्ता तुंबला होता, त्यामुळे तो ग्रंथालयात पोचला तेव्हा सव्वाअकरा व्हायला आले होते. वैशालीताई फोनवर कुणाला तरी पंख्याबद्दल समजावत होत्या. त्यांनी न बोलता किल्लीचा जुडगा पुढे केला. फ्यूजसाठी खण उघडून दाखवला, हितेंद्रने नको म्हणून मान हलवली. टॉर्च होता त्याच्याकडे.

मागचा बोळ म्हणजे दहा पावलांचा. एका बाजूला कपाटं, दुसऱ्या बाजूला उंचावर लोखंडी गजांची खिडकी, तिच्यातून ऑक्टोबरचं ऊन तिरपं आत येऊन सगळी धूळ दाखवत होतं. टोकाला बूथचं जाड दार. कडीला पितळी कुलूप. कुलपावरही धूळ. दाराच्या वर धुळीने तपकिरी झालेला काचेचा दिवा. जमिनीवर दारापर्यंत गेलेली पावलं एकट्या हितेंद्रची.

त्याने जुडग्यातली किल्ली निवडली. जुडगा किणकिणला.

आता बाहेरून कुलूप असलेल्या दारावर ठोकणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा वीस वर्षं सर्व्हिसच्या धंद्यात असतो. हितेंद्रने या वीस वर्षांत संचालकांच्या केबिनी, बायकांची वसतिगृहं, डॉक्टरांच्या तपासणीच्या खोल्या पाहिल्या होत्या. परळच्या चाळीतला पोरगा म्हणून सुरुवातीला एका ठिकाणी न ठोकता आत गेल्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं, ते त्याच्या हाताला कायमचं लक्षात राहिलं होतं. डोकं विसरलं तरी हात विसरत नव्हता.

हात वर गेला. एक, दोन, तीन.

"मॅडम, नेटवर्कचं काम आहे."

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःचंच हसू आलं.

मग हसू जागच्या जागी थांबलं. आधी किणकिणाट. मग तीन. शिस्तीत.

खिशातला फोन थरथरला.

"हितेंद्र." मॅथ्यू मिस्किटांचा आवाज अगदी हळू होता. "चालू झालं रे. आता, या मिनिटाला. ठोकलं, आणि मग बाहेरून एक माणूस बोलला. 'मॅडम, नेटवर्कचं काम आहे.'"

हितेंद्रने फोन कानाशी घट्ट दाबला.

"डोळे गेलेत माझे. कान नाही गेले. तू आहेस तो."

"हो."

"बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, 'थांबा जरा. एवढं पुस्तक संपवते.'" म्हाताऱ्याचा श्वास जोरात वाजत होता. "वाचतायत आता. पान दोनशे अकरा. तुझ्या हातात काय आहे?"

"किल्ली."

"लावू नको रे. तुझ्या पाया पडतो. लावू नको."

फोन बंद झाला. म्हाताऱ्याला पुढचं ऐकायचं होतं.

हितेंद्रने दाराला कान लावला. आत काहीच नव्हतं. आवाज नव्हता, हालचाल नव्हती. लाकूड गार होतं. बाहेर अंगाला शर्ट चिकटत होता, आणि लाकूड गार होतं.

आत कुणी नाही हे सिद्ध करायला दहा सेकंद पुरली असती. किल्ली कुलपाच्या तोंडाशी होती. कुलूप काढायचं, दार ढकलायचं, टॉर्च मारायचा. रिकामी खुर्ची दिसली की संपलं. आजोबा, आई, घरातल्या सगळ्यांचं म्हणणं एका झटक्यात खरं ठरणार होतं.

आणि खोताच्या वाडीत ते गोल चक्र पुन्हा फिरायला लागलं असतं. बुधवारपर्यंत.

त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली, वाजू नये म्हणून. आणि उभा राहिला.

बारा वाजून दहा मिनिटांनी बोळाच्या टोकाशी वैशालीताई आल्या. "अरे हितेंद्र, किती वेळ? सापडलं का पुस्त..." एवढं म्हणून त्या थांबल्या. तोंडावर हात ठेवला. मग तशाच मागे सरकत, चवड्यावर चालत, कपाटांआड नाहीशा झाल्या.

आपला चेहराच तसा झाला असणार, असं हितेंद्रला वाटलं.

ऊन खिडकीतून सरकत त्याच्या बुटांवर आलं. पाय भरून आले. खाली फरसाणवाल्याची कढई चुरचुरत होती. एकदा वाटलं, आत पान उलटलं. एकदा वाटलं, नाही.

साडेबारा. पावणेएक.

तो मनात तांत्रिक कारणं मोजत होता. वायरीत उतरलेला दुसरा कुठला आवाज. घड्याळ चुकलेलं मशीन. कुणाचा तरी महिनाभर रचलेला खोडसाळपणा. तीन कारणं झाली. चौथं सापडेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

एक वाजून एक मिनिटाला फोन थरथरला.

"संपलं," मॅथ्यू मिस्किटा म्हणाले. मागे पर्लचा मुसमुसल्यासारखा आवाज येत होता. म्हातारा मात्र हसत होता, पोट धरून, कुणीतरी पन्नास वर्षं लपवलेली वस्तू समोर काढून ठेवावी तसा. "कळलं रे मला. किल्ली कोणाकडे होती. काय माणूस होता लेखक! आता खुशाल कापू दे त्यांना उद्या."

"कोणाकडे होती?"

"मी नाही सांगणार. पुस्तक आहे ना तिथे? वाच की स्वतः." मग तो थांबला. हसू ओसरलं. "आणखी एक. शेवटी बाईंनी वाचन समाप्त म्हटलं, तारीख सांगितली, पेल्यावर झाकण ठेवलं. मला वाटलं, झालं. पण मग म्हणाल्या..."

"काय?"

"म्हणाल्या, 'बाहेर थांबलेल्या गृहस्थांनी आता आत यायला हरकत नाही.'"

हितेंद्रने मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते.

दाराच्या वरचा लाल दिवा विझला. तो इतका वेळ पेटलेला होता, हे त्याला तेव्हा कळलं.